लाइव्ह पॅच की रात्रीचा रीबूट?

बिलिंगचा लिनक्स सर्व्हर दर महिन्याला रीबूट करायचा की लाइव्ह पॅच (मशीन चालू असतानाच केलेली दुरुस्ती) घ्यायचा, असं एका मित्राने विचारलं.

खर्च: रीबूट फुकट, पण रात्री कुणीतरी जागायला लागतं. रेड हॅट लिनक्सच्या सबस्क्रिप्शनमध्ये केपॅच हे लाइव्ह पॅचचं साधन येतं. उबुंटू लिनक्सवर लाइव्ह पॅच हवा आणि 5 पेक्षा जास्त मशीन असतील तर उबुंटू प्रो या सबस्क्रिप्शनचे पैसे मोजावे लागतात.

व्याप्ती: गफलत इथेच होते. लाइव्ह पॅच चालू कर्नलमधल्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या) गंभीर त्रुटींपुरताच. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी अपडेट केली तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते. रीबूटने सगळं नवं होतं, शिवाय मशीन पुन्हा नीट उठतं का तेही कळतं. वर्षभर रीबूट न झालेल्या सर्व्हरचा मला भरवसा वाटत नाही.

दोन सर्व्हर आलटून पालटून चालत असतील तर रीबूटच करा. एकच डेटाबेस आणि चोवीस तास व्यवहार असतील तर लाइव्ह पॅच घ्या, पण तिमाहीला एक रीबूट ठरवूनच ठेवा.