श्रावणबाळचा अर्ज, पुण्यातलं एक तहसील ऑफिस: 3 स्टार, पण कोणाला द्यायचे तेच कळेना

ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण मावशींची फाईल अजून तिथेच आहे.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी. लाडकी बहीणचे 1500 येत होते, 65 पूर्ण झाले आणि ते बंद. मग कोणीतरी सांगितलं श्रावणबाळ या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी पेन्शन योजनेत बसता तुम्ही, तिथेही महिन्याला 1500च. रक्कम तीच पण लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आणि श्रावणबाळला 21 हजार! म्हणजे महिन्याला 1750, पुण्यात. एवढ्यात हल्ली खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही, पण नियम आहे.

मावशी एकट्या तीनदा जाऊन आल्या. संगांयोच्या (संजय गांधी निराधार योजना, श्रावणबाळचे अर्जही तिथेच) टेबलावरचे भाऊ दरवेळी एकच सांगायचे, आधारवर 1 जानेवारी 1960 आणि रेशनकार्डावरचं वय चार वर्षांनी कमी, आधी दुरुस्त करून आणा. आता मावशींना स्वतःचा जन्म आठवतो तो दुष्काळाच्या आधी की नंतर एवढाच, तारीख कुठून आणणार. चौथ्यांदा मी हाफ डे टाकून सोबत गेले, गळ्यात कंपनीचं आयकार्ड तसंच राहिलेलं. तेच भाऊ, तेच कागद. "बसा ना मॅडम." आणि मग म्हणतात, मतदार यादीतलं वय जुळतंय का बघा, त्याचा उतारा जोडा, चालेल. अहो मग हे तीन वेळा मावशींना का नाही सांगितलंत?! त्यांचे बसचे पैसे, बुडालेले दिवस कोण देणार? मी हे तोंडावर विचारलं नाही, काम अडेल म्हणून.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी मॅडमकडे गेलो, हे 3 स्टार खरं तर त्यांचेच. समोर ढीगभर फाईली, एक फोन खांद्यात धरलेला, तरी मावशींना खुर्ची दिली. मुलगा आहे ना, विचारलं. आहे, चाकणला, वेगळा राहतो. "पैसे देतो का?" मावशी गप्प. मॅडमनी पुढे ताणलं नाही, रेशनकार्ड वेगळं आहे एवढं बघून घेतलं. मग कमाई किती? गुडघे गेल्यापासून मावशींचं एकच घर, आमचं. मावशी सरळ म्हणाल्या दोन हजार. मी मनात हिशोब केला, 24 हजार, गेलं सगळं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मे महिन्यात ते लोक गावाला जातात तेव्हा पगार मिळतो?" नाही. "दिवाळीत?" पंधरा दिवस कापतात. माझ्याकडे न बघता त्यांनी कॅल्क्युलेटरवर केलं, साडेदहा महिने गुणिले दोन हजार, बरोब्बर 21 हजार. तेच लिहिलं. खोटं एक अक्षर नाही त्यात. पगार कापणारे "ते लोक" म्हणजे मीच, हे मावशींनी सांगितलं नाही, मीही नाही.

(यंदापासून मे चा पगार देणार आहे. तेव्हा मर्यादेत कसं बसवायचं ते मॅडमनाच विचारावं लागेल.)

जाणाऱ्यांसाठी एवढंच की आधार बँकेला लिंक आहे का आधी बघा, पैसे थेट खात्यात येतात. महा ई-सेवा केंद्रात मावशींचा अंगठा काही उमटेना, पीठ मळून मळून रेषाच राहिल्या नाहीत, शेवटी मधलं बोट लागलं. अर्ज समितीसमोर जातो, बैठक कधी ते विचारलं तर "लागेल तेव्हा". दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पैसे थांबतात.

निघताना त्याच टेबलावर एक आजोबा उभे होते, एकटेच, पिशवीतून रेशनकार्ड काढत. भाऊंनी उलटसुलट बघितलं आणि म्हणाले वय जुळत नाही, आधी दुरुस्त करून आणा. मी दारापर्यंत गेले होते, परत फिरले आणि आजोबांना म्हटलं, मतदार यादीचा उतारा आणा. भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मावशींनी माझा दंड धरला, "चला ताई, आपली फाईल आहे त्यांच्याकडं."