सफाई मोहीम की वर्षभराची नोंदवही?

वारसास्थळासाठी नववी-दहावीची मुलं कामाला लावायची म्हटलं की आधी सुचते ती सफाई मोहीम. दिवसभरात परिसर लख्ख, फोटोही झकास! प्लास्टिक उचलण्यापुरतं ठीक. पण उत्साहाच्या भरात कुणी तारेच्या ब्रशने शिलालेख घासला किंवा भिंतीतलं रोप मुळासकट उपटलं, की अक्षरं झिजतात, चुना सुटतो.

नोंदवही कंटाळवाणी, हे कबूल. दर महिन्याला त्याच जागेवरून, मोजपट्टी धरून भेगेचा फोटो काढायचा. तळ्यावर कोणते पक्षी दिसले ते लिहायचं. पण भेग रुंदावतेय का, हे त्यातूनच कळतं. युनेस्कोच्या १९७२ च्या करारात सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा एकत्रच आहे. वहीतही दोन्ही मावतात.

माझं मत वहीला. मोहीम घ्यायचीच, तर पुरातत्त्वाचा जाणकार सोबत असल्याशिवाय भिंतीला हात लावू नये.