सिमेंटच्या लाद्यांवर रंग: बागेतल्या पायवाटेचा वर्षभराचा अनुभव

मुलुंडला आमच्या तळमजल्याच्या घरामागे थोडी जागा आहे. सासूबाई रोज सकाळी अनवाणी तुळशीला पाणी घालायला जातात आणि पावसाळ्यात तिथे नुसता चिखल होतो. म्हणून मागच्या मार्चमध्ये दारापासून तुळशीपर्यंत सिमेंटच्या 14 गोल लाद्या टाकल्या. तीन प्रकारे रंगवल्या होत्या, म्हणून तिन्हींचं काय झालं ते लिहिते.

नऊ लाद्या घरीच ओतल्या. साचा म्हणजे मोठ्या कुंडीखालच्या प्लास्टिकच्या ताटल्या, आतून तेलाचा हात फिरवून. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, तीन भाग बारीक खडी, जाडी दोन इंच. बाकीच्या पाच नर्सरीतून आणल्या, त्या तिथे उन्हापावसात पडून जुन्या झाल्या होत्या.

घरच्यांपैकी पाचांवर सात दिवस पाणी मारलं आणि आठव्या दिवशी ऑइल पेंट लावला. इथेच चुकलं. मे महिन्यापर्यंत त्या इतक्या चकाकायच्या की येणारा प्रत्येक जण विचारायचा. जून संपता संपता त्यातल्या एकीवर रंगवलेल्या लाल कासवाच्या पाठीवर रुपयाएवढा फुगा आला. नखाने दाबला तर फुटला, आतून पाणी आलं आणि रंगाची खालची बाजू बोटाला बुळबुळीत लागली. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, तेलाच्या रंगाशी त्याची गाठ पडली की खरोखरच साबण तयार होतो. त्यात जमिनीतली ओल लादीतून वर येते आणि वाट मिळाली नाही की रंगच उचलते. ऑगस्टपर्यंत पाचही सोलल्या. त्याहून वाईट म्हणजे ओल्या झाल्या की त्या काचेसारख्या व्हायच्या. सासूबाईंचा पाय एकदा सरकला, कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. त्याच दिवशी त्या पाच उचलल्या.

नर्सरीच्या लाद्यांवर मात्र मेहनत घेतली होती. तारेच्या ब्रशने वरची सिमेंटची साय खरवडली, धुतल्या, आठवडाभर उन्हात वाळवल्या. मग प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवला, सकाळी आत थेंब धरले नाहीत तेव्हाच रंग लावायला घेतला. इमारतीला बाहेरून देतात तो अ‍ॅक्रिलिक, पहिला हात पाणी घालून पातळ, नंतर दोन, शेवटच्यात चाळलेली बारीक वाळू. गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं. खालची बाजू मुद्दाम कोरी ठेवली. आज वर्षभराने पाय पडतो तिथली माणसं पुसट झालीत, कडेची झाडं नि मोर जशीच्या तशी आहेत. एकीवर हौसेने चकचकीत सीलर (रंगावरचा पारदर्शक थर) मारला होता, तो जुलैत दुधाळ पांढरा पडला. शेवाळ येतं, पण काथ्याच्या ब्रशने निघतं.

उरलेल्या चार लाद्यांत रंग लावलाच नाही, सिमेंटमध्येच ऑक्साइड, म्हणजे रंगाची पूड, मिसळलं, किलोला 50 ग्रॅम, दोन लाल आणि दोन पिवळ्या. दहा टक्क्यांच्या वर गेलं की लादी कमजोर होते. चित्र काढता येत नाही, रंगही मंद, गावच्या घरातल्या लाल कोब्याची आठवण करून देणारा. पावसात त्यांच्यावर पांढरा लोणा आला, ऑक्टोबरात पाण्यात व्हिनेगर घालून पुसला तेव्हा बराचसा गेला. पण सोलायला वर थरच नाही, त्यामुळे माझ्या मते वाटेच्या मधोमध याच टाकाव्यात आणि चित्रांच्या लाद्या कडेला, जिथे पाय कमी पडतो.

त्या पाच लाद्यांचा ऑइल पेंट दिवाळीनंतर पॉलिश पेपरने घासून काढला, दोन रविवार गेले. आता त्या गॅलरीत वाळताहेत. प्लास्टिकची परीक्षा झाली की अ‍ॅक्रिलिक, वाळू घालून. लाल कासव परत हवं असं सासूबाईंनी सांगितलंय, अगदी तुळशीच्या पायाशी.