व्हॅनसकट खासगी शाळा : नऊ महिन्यांनंतर

बुधवारी पाचला घरी येणारी मुलगी पावणेसातला आली. व्हॅनमधून नाही, कारखान्यावर ऊस खाली करून परतणाऱ्या गावातल्याच एका ट्रॉलीतून. केसांत पाचट, हातात वॉटरबॅग आणि चेहऱ्यावर जत्रा करून आल्याचा आनंद. माझं मात्र डोकं फिरलं. नाहीतर हे सगळं वर्ष संपल्यावर निवांत लिहिणार होतो.

बोर्ड कुठलं, फी किती, शूज किती जोड, हे तुम्हाला ठाऊक असतं, त्यात शिरत नाही. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, इंग्रजी माध्यम, विनाअनुदानित, घरापासून नऊ किलोमीटर. मुलगी दुसरीपर्यंत आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, जून 2025 मध्ये तिसरीला इकडे घातली. कुणी विचारायच्या आधीच सांगतो, आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचे, 25 टक्के प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतात, तिसरीला नाही. आणि एसटीच्या कंडक्टरचा पगार कितीही रडका असला तरी एक लाखाच्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही.

जुनी शाळा वाईट होती म्हणून काढली असं नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, पट 34. बाईंची बदली झाली, जागा भरलीच नाही. 2024 साल म्हणजे लोकसभा आणि विधानसभा दोन्ही, त्यामुळे उरलेले गुरुजी मतदारयाद्या सांभाळून जमेल तसे चार वर्ग सांभाळत. इंग्रजीचं कौतुक सांगणाऱ्यांना सांगतो, ते जिल्हा परिषदेतही 2000 सालापासून पहिलीपासूनच आहे. पण बायको म्हणाली, "गुरुजी चांगले आहेत हो, पण एकटे आहेत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दाखला गुरुजींनी त्याच दिवशी दिला, यूडायसवरून, म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदीतून, नावही लगेच सोडलं. (जुन्या शाळेनं सोडल्याशिवाय नव्या शाळेला नाव ओढता येत नाही. यासाठी महिना महिना हेलपाटे घालणारे पालक मी माझ्याच गाडीत बघतो.) फक्त हजेरीपत्रक मिटताना स्वतःशीच म्हणाले, "तेहेतीस." शिक्षकांची पदं पटावर ठरतात, हे मलाही माहीत होतं. अजून त्या शाळेवरून जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघतो.

आता व्हॅन.

महिना 1,300, तेही बारा महिन्यांचे. जूनमध्येच विचारलं होतं, "मे महिन्याचे कशाला?" तर व्हॅनवाला म्हणतो, "पावणं, मे महिन्यात आमाला पोट नसतंय व्हय?" हे मात्र खरं होतं, गप्प बसलो. पण हिशेब डोक्यातून जाईना. वर्षाला 15,600. पाचवीपर्यंत शाळेचे दिवस कायद्यानं किमान 200. म्हणजे दिवसाला 78, एका फेरीला 39 रुपये. नऊ किलोमीटर म्हणजे एसटीचे दोन टप्पे. जानेवारी 2025 ची 14.95 टक्के भाडेवाढ धरूनही माझ्या मशीनवर तिचं अर्धं तिकीट या 39 च्या निम्म्यालाही पोचत नाही. मग एसटीनं का नाही? स्टँडपासून शाळा दीड किलोमीटर, मध्ये हायवे. आठ वर्षांच्या पोरीला एकटी सोडवत नाही. मुलींचा मोफत पासही पाचवीपासून पुढे. तोवर अडकलोय.

बुधवारी क्लचप्लेट गेली. होतं, गाडी आहे. पण त्यानं नऊ पोरं रस्त्याच्या कडेला उतरवली, "वळखीचं कोण भेटंल त्येच्यासंगं जावा" म्हणाला आणि मेकॅनिक आणायला गेला. फोन एकाही पालकाला नाही. शाळेत फोन केला तर ऑफिसातून उत्तर आलं, "व्हॅन आमची नाही, ती पालकांची खासगी व्यवस्था." प्रवेशाच्या दिवशी त्याचा नंबर कुणी दिला होता? याच खिडकीनं!

आमची गाडी वाटेत बंद पडली तर त्याच तिकिटावर प्रवाशाला मागच्या गाडीत बसवून द्यायचं काम माझं असतं. शेवटचं माणूस चढेपर्यंत मी तिथून हलत नाही. शिव्या खातो, पण हलत नाही. महामंडळाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

इथपर्यंत बुधवारी रात्री लिहिलं होतं, आणि शेवट "परत गावच्या शाळेत घालणार" असा ठरलेला होता. सकाळी राग उतरल्यावर दोन गोष्टी आठवल्या.

एक, गणित. गुरुजींनी हातच्याची वजाबाकी दहा दहा काड्यांचे गठ्ठे सोडून शिकवली होती, ती पक्की आहे. नव्या शाळेत ती आकडे इंग्रजीत म्हणायला लागली आणि मराठी विसरली. आजीनं "एकोणचाळीस" म्हटलं की विचारते, "म्हणजे थर्टी-नाइन?" 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकोणचाळीसऐवजी 'तीस नऊ' आलं तेव्हा मी चहाच्या टपरीवर तावातावानं भांडलो होतो. आता वाटतं, तीस नऊ तरी म्हण बाई.

दुसरी, चष्मा. सप्टेंबरमध्ये वर्गाच्या मिसचा संध्याकाळी फोन आला. म्हटलं, कसली तरी फी राहिली असणार. तर म्हणाल्या, "मागच्या बेंचवर बसली की फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. डोळे तपासून घ्या." नंबर निघाला उणे दीड. गावच्या शाळेत सगळी सतरंजीवर, फळ्याला खेटून. तिथे ते कुणालाच कळलं नसतं, मलाही कळलं नव्हतं. त्या एका फोनचे पैसे कुठल्या रकान्यात टाकायचे? मला जमलेलं नाही.

तर शाळेला पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा खिचडीचा कापला. खासगी विनाअनुदानित म्हणजे पोषण आहार नाही, आणि पोरगी अजून त्या खिचडीच्या आठवणीनं घरच्या डब्याला नाक मुरडते. व्हॅनला शून्य.

शुक्रवारी रजा टाकून मुख्याध्यापिका मॅडमना भेटलो. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात आणि थांबे, भाडं हे त्या समितीचं काम. म्हटलं, समितीची फाइल दाखवा. क्लार्कनं कपाटावरून धूळ झटकत काढली. अध्यक्षांची सही होती, पालक प्रतिनिधीची जागा कोरी. मॅडमनी एकदा फाइलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन पुढे केलं. "तुम्हीच व्हा ना, कंडक्टर साहेब. तुम्हाला यातलं कळतं." झाली सही. आता व्हॅनमध्ये अटेंडंट बसेपर्यंत मी त्यांचं डोकं खाणार आहे.

शनिवारी व्हॅनवाला फेब्रुवारीचे पैसे न्यायला दारात आला. मी 1,261 हातावर ठेवले. त्यानं दोनदा मोजले.

"पावणं, एकोणचाळीस कमी हायती."

"बुधवारची संध्याकाळची फेरी," म्हटलं. "रद्द झाली होती."