नाळेतील रक्त जतन करण्याची सेवा: पान चारचा प्रश्न

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या मुलीचा जन्म सोलापुरातच झाला आणि त्या वेळी आम्ही नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या एका खासगी कंपनीची सेवा घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप सेवेपेक्षा ती ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीवर अधिक आहे.

पत्नी माझी मामेबहीण. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासणीत तिला थॅलेसेमिया मायनर असल्याचे निघाले, म्हणजे हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याच्या या आनुवंशिक रक्तविकाराची ती केवळ वाहक आहे. माझी तपासणी सुदैवाने निर्दोष आली, त्यामुळे बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या विकाराचा गंभीर प्रकार, होण्याची भीती नव्हती, फार तर तेही आईसारखेच वाहक निघाले असते. डॉक्टरांनी हे स्वच्छ सांगितले होते. तरीही आठवड्याभरात कंपनीचे प्रतिनिधी विजापूर रोडवरील आमच्या घरी आले आणि त्यांनी चकचकीत माहितीपत्रकाचे पान चार उघडून सासूबाईंसमोर ठेवले. ‘आता जन्माआधीच थॅलेसेमियावर स्टेम सेल उपचार’ असा त्यावर मथळा होता. एकवीस वर्षांच्या साठवणुकीसाठी ५५ हजार रुपये, तेही हप्त्यांनी. घाबरलेल्या घरात अशा वेळी वाटाघाट होत नाही. आम्ही सही केली.

पैसे भरल्यावर वाचन सुरू केले, हा क्रम चुकला हे मान्य. पान चारवर ज्या संशोधनाचा उल्लेख होता ते खरे आहे आणि विलक्षणही आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात टिपी मॅकेन्झी यांच्या पथकाने २०१७ मध्ये अल्फा थॅलेसेमिया मेजर असलेल्या गर्भांवर ही चाचणी सुरू केली. अल्फा आणि बीटा या हिमोग्लोबिनमधील प्रथिनांच्या साखळ्या, जी बिघडते तिच्यावरून प्रकाराचे नाव. पत्नीचा प्रकार बीटा आहे आणि त्याचा मेजर जन्मानंतर काही महिन्यांनी त्रास देऊ लागतो, कारण गर्भातले हिमोग्लोबिन बीटा साखळीवर अवलंबून नसते. अल्फा साखळी मात्र गर्भातही लागतेच. ती मुळीच तयार न होणाऱ्या गर्भाच्या अंगात पाणी साठते आणि तो बहुधा जन्मापर्यंत टिकत नाही. त्याला जगवायचे तर नाळेच्या शिरेतून पोटातच रक्त द्यावे लागते. संशोधकांची कल्पना अशी की सुई तेथवर पोहोचणारच आहे, तर रक्ताबरोबर आईच्या अस्थिमज्जेतून (हाडांतील मगजातून) काढलेल्या रक्तमूलपेशीही, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलही, त्याच वाटेने सोडाव्यात.

आईच्याच पेशी का, याचे उत्तर मला सर्वांत रोचक वाटले. गर्भाची प्रतिकारशक्ती आईच्या पेशी सहन करायला शिकलेली असते, मात्र उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की परक्या दात्याच्या पेशी दिल्या तर गर्भात शिरलेल्या आईच्या टी पेशीच (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) त्यांना हुसकावून लावतात. या सहनशीलतेचा धागा थेट गोठ्यात जातो. १९४५ साली रे ओवेन या शास्त्रज्ञांनी दाखवले की वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या गेलेल्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी पुढेही टिकून राहतात. नराच्या जोडीने जन्मलेली कालवड बहुधा गाभण राहत नाही, हे आमच्या मंगळवेढ्याच्या आजोबांना ठाऊक होते. त्याच जुळेपणात प्रत्यारोपणशास्त्राचे एक मूळ आहे हे मला पन्नाशीकडे झुकताना कळले.

यश मात्र अजून मर्यादित आहे. १९९६ साली ॲलन फ्लेक या शल्यचिकित्सकांनी वडिलांच्या अस्थिमज्जेतील पेशी देऊन गर्भावस्थेतच बरे केलेल्या बाळाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, पण त्या बाळाला प्रतिकारशक्तीच नसण्याचा आनुवंशिक विकार होता आणि नव्या पेशींना तेथे प्रतिस्पर्धी नव्हते. थॅलेसेमियात गर्भाची स्वतःची अस्थिमज्जा भरलेली असते आणि बाहेरच्या पेशींना जागा मिळत नाही. कॅलिफोर्नियातील चाचणीतल्या पहिल्या बाळालाही जन्मानंतर नियमित रक्त द्यावे लागले.

या सगळ्यात नाळेतील साठवलेले रक्त कोठेच नाही. बाळाच्या नाळेतील रक्त जन्मानंतर मिळते आणि बाळाला आनुवंशिक रक्तविकार असलाच तर त्या पेशींतही तोच दोष असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतःच्या भावी वापरासाठी असे रक्त साठवण्यास वैज्ञानिक आधार नाही, असे म्हटले आहे. घरात उपचारांची गरज असलेले भावंड असेल तर गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झालेले नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण बहिणीच्याच रक्ताने झाले होते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. थर्माकोलची पेटी व्यवस्थित होती: गोठणरोधक द्रव असलेली पिशवी, दोन चिमटे, बारकोड आणि तापमान नोंदवणारे काडेपेटीएवढे यंत्र. पण कुरियरवाल्याने ती भर दुपारी वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिली, आणि सोलापूरचा एप्रिल कसा असतो हे सांगायला नको. यंत्राने ती दुपार प्रामाणिकपणे नोंदवली. कंपनीने तक्रारीनंतर पेटी बदलून दिली. रक्त न्यायला माणूस चार तासांत येणार होता, तो नऊ तासांनी आला. संमतीपत्र चौदा पानांचे आणि संपूर्ण इंग्रजीत. नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि डॉक्टरांनी ती पाळली, कारण ते रक्त बाळाला लगेच उपयोगी पडते. थांबल्यामुळे पिशवीत कमी रक्त येते, हे विकताना कोणी बोलले नव्हते. अहवालात साठ कोटी पेशी भरल्या. प्रत्यारोपणासाठी वजनाच्या दर किलोमागे साधारणतः किमान अडीच कोटी पेशी लागतात, म्हणजे आमचा साठा चोवीस किलोंच्या मुलापुरता आहे.

पाचपैकी दोन तारे देतो, त्यातला एक निव्वळ त्या यंत्रासाठी. पान चारवरील उपचारात नाळेतील रक्त नेमके कोठे वापरले जाते, असे मी कंपनीला लेखी विचारले होते. दहा दिवसांनी उत्तर आले. दुसऱ्या अपत्याच्या नोंदणीवर आम्हाला वीस टक्के सवलत मिळणार आहे.