फॉलोस्पॉट भाड्याने घेताय? डिस्चार्ज घ्यावा की एलईडी?

नागपुरात गॅदरिंग असो, ऑर्केस्ट्रा असो की नृत्याचा कार्यक्रम, फॉलोस्पॉट, म्हणजे कलाकाराच्या मागे मागे फिरवायचा झोताचा दिवा, ठरतो तो बहुतेक वेळा भाड्यावर. माझ्या मते तो अंतरावर ठरायला हवा. बंद सभागृहात एलईडी घ्या, मोठ्या मैदानावर डिस्चार्ज, म्हणजे आतल्या वायूतून वीज जाऊन पेटणारा दिवा.

अंतर दुप्पट झालं की त्याच झोताचा उजेड चौथाईवर येतो. देशपांडे सभागृहात किंवा सुरेश भट सभागृहात 300 ते 600 वॉटचा चांगला एलईडी गायकाचा चेहरा नीट उठवतो. रेशीमबागेच्या मैदानात मात्र स्पॉटचा टॉवर लांब मागे असतो आणि कलाकाराच्या पाठीशी एलईडी वॉल झगमगत असते. तिथे एलईडी स्पॉटचा झोत फिका पडतो, 1200 किंवा 2500 वॉटचा डिस्चार्जच लागतो.

पण डिस्चार्जची खरी अडचण विजेची. लाइन गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत क्षणभर जरी खंड पडला, तरी दिवा विझतो आणि थंड झाल्याशिवाय बहुधा पुन्हा पेटत नाही. ती काही मिनिटं भर कार्यक्रमात फार मोठी असतात. एलईडी वीज येताच उजळतो. म्हणून मैदानावर डिस्चार्ज लावायचा तर त्याला सुरुवातीपासून जनरेटरची वेगळी लाइन द्या, आणि 2500 वॉटला 15 अँपियरचा सॉकेट.

डिस्चार्जचा दिवा मंद करता येत नाही, उजेड शटरने, म्हणजे झोत अडवणाऱ्या झडपेने, हाताने कमी करावा लागतो. मुरलेला ऑपरेटर हे इतकं अलगद करतो की प्रेक्षकाला कळतही नाही. एलईडीत हे काम फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सरकपट्टी, करतो, मात्र स्वस्त एलईडी विझताना शेवटी झटके देतो. शूटिंग असेल तर आधी मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, तपासा. स्टेजवर पिवळे हॅलोजन असतील तर कोणत्याही पांढऱ्या स्पॉटला हाफ सीटीओ जेल (उजेड पिवळसर करणारा फिकट नारिंगी रंगीत कागद) लावा, नाहीतर चेहरा निळसर दिसतो.

दिवा कुठलाही असो, तालमीला ऑपरेटर हवाच. कलाकार विंगेतून कुठून येतो हे त्याने तिथेच पाहून ठेवावं. शटर बंद ठेवून झोत आधीच त्या जागी रोखावा आणि पाऊल पडलं की उघडावा. नाचणाऱ्याच्या हाताकडे न बघता कमरेकडे बघावं, कारण हात फसवतो, कंबर फसवत नाही. ज्या दिशेला कलाकार चाललाय, तिकडे झोतात थोडी मोकळी जागा ठेवावी. डिस्चार्जवर अंधारासाठी आयरिस, म्हणजे झोताचं वर्तुळ लहान-मोठं करणारी पाती, पूर्ण मिटवून ठेवू नये, पाती तापून वाकतात. त्यासाठी शटर आहे.

उन्हाळ्यात, बाहेर पारा 45 अंशांजवळ असताना, डिस्चार्जच्या शेजारी बसणं हाल करणारं असतं. अशा वेळी ऑपरेटरजवळ पंखा ठेवायची सोय आयोजकानेच करावी. बुकिंग करताना दिवा किती तास जळलाय हेही विचारा. जुना दिवा पेटतो खरा, पण त्याचा उजेड उतरलेला असतो.