सिमएचवर २.११ बीएसडी : काही महिन्यांच्या वापरानंतर

सिमएच हा जुन्या संगणकांची नक्कल करणारा प्रोग्राम. त्यावर डीईसी कंपनीच्या जुन्या पीडीपी-११ संगणकाचं युनिक्स चालवायचं म्हटलं की बहुतेक जण १९७९ ची सातवी आवृत्ती आधी चढवतात. वाचायला आणि समजून घ्यायला ती आजही अप्रतिम आहे. पण तिच्यावर रोज काम करायचं तर संपादनाला फक्त ईडी हा ओळीओळीने काम करणारा एडिटर, फाइलचं नाव १४ अक्षरांत बसवायचं आणि नेटवर्क नाही. त्यातून डिलीटच्या कळीचा अर्थ तिथे ‘चालू प्रोग्राम थांबवा’ असा असल्यामुळे, आजच्या टर्मिनलवर बॅकस्पेस दाबताच कमांड रद्द होते. कामाला घ्यायची तर १९९१ ची २.११ बीएसडीच (बर्कलीचं युनिक्स) घ्यावी. व्हीआय हा पूर्ण पडद्याचा एडिटर, टेलनेट (दूरून लॉगिन), एफटीपी (फाइलींची ने-आण) आणि संपूर्ण सोर्स तिच्यात आहे, शिवाय पॅच नंतरही वर्षानुवर्षं निघत राहिले.

सिमएचची सेटअप फाइल जेमतेम सात-आठ ओळींची होते. सीपीयू ११/७० किंवा ११/७३ ठेवा आणि मेमरी ४ एमबी. इन्स्ट्रक्शन आणि डेटा यांना वेगळी ॲड्रेस स्पेस देणारं मॉडेल नसेल तर ही सिस्टिम चालतच नाही. ‘सेट सीपीयू आयडल’ ही ओळ विसरू नका. ती नसेल तर आतली सिस्टिम रिकामी बसलेली असतानाही बाहेरच्या संगणकाचा एक कोअर सतत शंभर टक्के राबतो. डिस्कचा प्रकार तिची इमेज फाइल अटॅच करण्याआधीच ठरवायचा, कारण अटॅच केल्यावर तो बदलता येत नाही. पडद्यावर अक्षरांऐवजी चिन्हांचा खिचडा दिसला तर तो पॅरिटी बिटचा (अक्षराबरोबर तपासणीसाठी येणाऱ्या आठव्या बिटचा) प्रताप. कन्सोल किंवा ती टर्मिनल लाइन सात बिटांवर ठेवली की प्रश्न मिटतो.

बूट झाल्यावर सिंगल युझर (फक्त प्रशासकासाठीच्या) अवस्थेतला हॅश (#) प्रॉम्प्ट येतो. तिथे लगेच कंट्रोल-डी दाबून पुढे जाऊ नका, आधी ‘डेट’ने वेळ लावा. बॅटरीवरचं घड्याळ धरलेलंच नसल्यामुळे सिस्टिम रूट फाइलसिस्टिमच्या सुपरब्लॉकमधली (तिची माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकमधली) जुनी वेळ उचलते. ‘मेक’ या कंपाइल करवून घेणाऱ्या प्रोग्रामचा सगळा कारभार फाइलींच्या वेळेवर चालतो, त्यामुळे बाहेरून आणलेल्या फाइली ‘भविष्यातल्या’ ठरतात आणि तेच तेच पुन्हा कंपाइल होत राहतं. कंट्रोल-ई दाबून सिमएचच्या प्रॉम्प्टवर आलात तरी आतलं घड्याळ थांबतं, टेलनेटने जोडलेले सगळेही तिथेच गोठतात.

खरा कस लागतो कर्नल (सिस्टिमचा गाभा) बांधताना, आणि ही सिस्टिम वापरण्यातला खरा आनंदही तिथेच आहे. ॲड्रेस १६ बिटांचा, म्हणजे कर्नलच्या कोडला एका वेळी ६४ केबी दिसणार. हे ६४ केबी आठ-आठ केबीच्या आठ सेगमेंटमध्ये विभागलेले असतात. त्यातले सात, म्हणजे ५६ केबी, कायमच्या बेसला आणि उरलेल्या एका खिडकीत आळीपाळीने ओव्हरले, म्हणजे गरजेपुरते समोर येणारे कोडचे तुकडे. जेनेरिक कॉन्फिगरेशनची प्रत काढून त्यात नको ते ड्रायव्हर शून्य करा, कॉन्फिग चालवा, मेक करा. एखादा जास्तीचा ड्रायव्हर घातला की लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडणारा प्रोग्राम) ‘टू बिग फॉर टाइप ४३१’ म्हणून अडून बसतो. अशा वेळी कोड कमी करायची घाई नको. ‘साइझ’ कमांडने कुठला ओव्हरले ८१९२ बाइटच्या वर गेलाय ते पाहा आणि मेकफाइलमध्ये त्यातली एखादी ऑब्जेक्ट फाइल जागा असलेल्या दुसऱ्या ओव्हरलेत हलवा. एकमेकांना वारंवार हाक मारणारे भाग शक्यतो एकत्र ठेवा, कारण प्रत्येक अदलाबदलीला वेळ जातो.

नेटवर्कचा कोड तर एवढ्या जागेतही मावला नाही, म्हणून तो प्रोसेसरच्या सुपरवायझर मोडमध्ये (कर्नल आणि युझर यांच्यामधल्या पातळीवर), नेटनिक्स नावाच्या स्वतंत्र फाइलमधून चालतो. इतक्या छोट्या यंत्रात टीसीपी/आयपी बसवण्याची ही युक्ती पाहून आजही थक्क व्हायला होतं. व्यवहारात एवढंच सांभाळा : युनिक्स (कर्नलची फाइल) आणि नेटनिक्स एकाच बांधणीतले हवेत. हाताने एकच कॉपी केलीत तर नेटवर्कवर भरवसा ठेवू नका.

डिव्हाइस सापडत नसेल तर ॲड्रेस तपासा. डीझेडसारख्या, टर्मिनल जोडणाऱ्या कार्डांचा ॲड्रेस फ्लोटिंग असतो. सिमएचमध्ये दुसरं एखादं कार्ड चालू-बंद केलं की तो सरकू शकतो, पण ईटीसीमधल्या डीटॅब या डिव्हाइसच्या यादीच्या फाइलीत जुनाच राहतो. ‘शो डीझेड’ने दिसणारा ऑक्टल आकडा आणि डीटॅबमधला आकडा जुळला की बूट होताना ‘अटॅच्ड’ असा शब्द येतो.

फाइली आत नेताना कन्सोलवर पेस्ट करू नका, मोठ्या मजकुरातली अक्षरं गळतात. एफटीपी नसेल तर सिमएचची आभासी टेप वापरा. मात्र साधी टार फाइल (अनेक फाइलींचं एक गाठोडं) म्हणजे सिमएचची टेप नव्हे. सिमएचच्या टेपमध्ये प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर चार बाइटमध्ये लांबी लागते. टार बनवताना जुना व्ही७ फॉरमॅट आणि १०२४० बाइटचा ब्लॉक ठेवा.

सी कंपायलर जुन्या वळणाचा आहे, फंक्शन प्रोटोटाइप चालत नाहीत. इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे गणित उलटतं. ३२ बिटांच्या लाँगचा वरचा अर्धा भाग मेमरीत आधी असतो, त्यामुळे ५ किमतीचा लाँग चुकून इंटसाठीच्या ‘टक्का डी’ने (%d) छापला तर ० दिसतो आणि पुढचे आकडेही एक घर सरकतात. ‘टक्का एलडी’ (%ld) लिहायची सवय इथे पक्की लागते.

बंद करताना सिमएचची खिडकी थेट मिटवू नका. जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) नाही, बफरमधलं लिखाण डिस्कवर उतरलेलं नसतं, आणि पुढच्या वेळी एफएससीके या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागतं. शटडाऊनने हॉल्ट करा, सिमएचचा प्रॉम्प्ट आल्यावर एक्झिट, आणि डिस्क इमेजची प्रत त्यानंतरच काढा. चालू सिस्टिमच्या इमेजची प्रत बूट झाली तरी तिच्यावर विसंबू नये.